व्हर्ना टटलचं उघडं गॅरेज

कॉपर क्वेल वसाहतीत व्हर्ना टटलबद्दल चांगलं बोलणारं माणूस शोधायचं तर रोसाउरा ऑर्नेलासच्या घरापर्यंत जावं लागे, आणि तीसुद्धा पहिल्या वाक्यानंतर ‘पण’ म्हणायची. व्हर्नाने उभा जन्म शाळेची बस चालवण्यात घालवला. मागे पोरांचा कल्ला, पुढे फिनिक्सच्या रस्त्यावरची गर्दी आणि मधे ही. त्या कल्ल्यावर आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच. निवृत्त होऊन घरी बसली तरी मीठ मागायची ते शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा बेताने. समोर कुणी असायला पाहिजे अशीही तिची अट नव्हती. ती नळाशी भांडायची, कपाटाच्या कडीशी भांडायची, टीव्हीवरच्या हवामानवाल्याला तर रोज नावानिशी शिव्या घालायची.

नवरा ओरिन तिच्या अगदी उलट. संध्याकाळी ऊन कलंडलं की तो गॅरेजचं मोठं दार वर सरकवायचा, दोन घडीच्या खुर्च्या, पंखा आणि बर्फातल्या बिअरचा डबा घेऊन तोंडाशी बसायचा. अ‍ॅरिझोनातल्या या घरांना ओसरी नसते. रस्त्याकडे तोंड असतं ते गॅरेजचं, माणसं त्याच्या मागे राहतात. कुत्रं फिरवायला निघालेले शेजारी ओरिनजवळ थांबायचे, एखादी बिअर प्यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि पुढे जायचे. ओरिन बहुतेक वेळ फक्त हसायचा. माणसांना तेवढं पुरायचं.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, चाकांची खुर्ची आली. शेजारी थोडे दिवस आले आणि मग यायचे थांबले, जसे सगळीकडेच थांबतात. पण गॅरेजचं तोंड राहिलं. व्हर्ना रोज संध्याकाळी त्याची खुर्ची तिथे नेऊन लावायची आणि तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला, प्रत्येक कुत्र्याला डावा हात करायचा. दिवसातला तो एक तास त्याचा चेहरा जिवंत दिसायचा. बाकी दिवस तो भिंतीकडे बघून काढायचा.

नेमकं हेच असोसिएशनच्या डोळ्यांत खुपलं. असोसिएशन म्हणजे आपल्या सोसायटीची कमिटीच, फक्त हिच्या हाती स्वतंत्र घरांवरही सत्ता. अंगणातल्या खडीचा रंग कोणता असावा, कचऱ्याचा डबा किती वाजता आत न्यावा, पोरांनी बास्केटबॉलची जाळी कुठे लावावी, सगळं तीच ठरवायची. अध्यक्ष होते डॉक्टर क्लार्क लॅनहम. पेशाने दातांचे डॉक्टर, लोकांचे वेडेवाकडे दात तारेने आवळून सरळ करायचे. दवाखाना विकला, पण आवळायची खोड काही विकली गेली नाही. उघड्या गॅरेजांमुळे वसाहतीची किंमत उतरते असं त्यांना एके दिवशी वाटलं आणि नियम झाला: दार फक्त गाडी आत-बाहेर करताना उघडायचं.

टटलांच्या घरी पत्र आलं. सोबत पुरावा म्हणून तपासणीच्या गाडीतून काढलेला फोटो होता. फोटोत उघडं गॅरेज होतं, आणि तोंडाशी बसलेला ओरिन फोटो काढणाऱ्या गाडीला हात करत होता.

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच मीटिंगला ती क्लबहाउसात हजर. तिथे बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत, आणि लॅनहमच्या टेबलावर त्यासाठी एक घंटी असे.

"घरामागे अंगण आहे ना तुमच्या?" लॅनहम म्हणाले. "तिथे बसवा त्यांना. मोकळी हवा मिळेल."

"मागे भिंत आहे, डॉक्टर. तुम्ही बसाल रोज तासभर भिंतीकडे बघत?"

"रंग नियमाप्रमाणे असेल तर अवश्य बसेन."

कमिटीतले दोघं हसले. "त्याचं अर्धं अंग गेलंय!" व्हर्ना ओरडली. "रस्ता बघतो फक्त तो. तुमच्या बापाचा आहे का रस्ता?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो, बाई," असं म्हणून लॅनहमनी घंटी वाजवली.

मग दंड सुरू झाला, आणि तो थकला तर घरावर बोजा चढेल अशी वकिलाची धमकीही आली. आठवडाभर दार बंद राहिलं. ओरिनने जेवण अर्ध्यावर टाकायला सुरुवात केली. व्हर्ना दार उघडायची, पत्र यायचं. दार लावायची, ओरिन वाळायचा.

वाट काढली ती रोसाउराने. समोरच्या घरातली ही बाई दवाखान्यात नोकरी करायची, डोकं थंड, जीभ गोड. तिच्या मुलाची बास्केटबॉलची जाळी असोसिएशनने उखडायला लावली होती. तिने बसून अख्खी नियमावली वाचून काढली. एक चतुर्थांश घरमालकांनी सह्या दिल्या तर कमिटी हटवण्यासाठी खास सभा बोलवावीच लागते, असं त्यात होतं.

"मिस व्हर्ना, एक ऐका," ती म्हणाली. सारी वसाहत व्हर्नाला बसच्या दिवसांपासून मिस व्हर्ना म्हणायची. "तुमच्या गॅरेजसाठी कुणी बोट उचलणार नाही. पण पत्र प्रत्येकाच्या घरी पडलंय. कुणाचं खडीसाठी, कुणाचं डब्यासाठी. तुम्ही त्यांच्या हक्काचं बोला. आणि जरा हळू बोला."

"मी हळूच बोलतेय!" व्हर्ना म्हणाली, आणि रोसाउराचं कुत्रं टेबलाखाली गेलं.

दोघींनी रस्ते वाटून घेतले. आता या वसाहतीत दार वाजवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. दार कुणी उघडत नाही. घंटीत कॅमेरा असतो, घंटीतूनच माणूस बोलतो. तो आतल्या सोफ्यावर असेल, नाहीतर ऑफिसात असेल. तुम्ही उन्हात उभं राहून भिंतीतल्या काळ्या बटणाला हात जोडायचे. व्हर्नाकडे असली घंटी नव्हती. तिच्या मते आतला माणूस बोलायचा थांबला की घंटीही झोपी जायची. हीच तिची चूक.

"काय विकताय?" बक हॅगर्टीच्या घंटीने विचारलं. बक धिप्पाड, पोट सुटलेला, ट्रकच्या टायरांचं दुकान चालवणारा.

"विकत नाही काही. तुझा हक्क तुला परत आणून देतेय. सही कर."

"ठेवा तुमच्याकडेच. घरात जागा नाहीये."

घंटी गप्प झाली. व्हर्ना वळली आणि म्हणाली, "जागा कशी असेल, ढेरपोट्या! सगळी तर तूच व्यापलीस. सोफ्यासकट पुरावं लागेल तुला."

पुढच्या घरची, ऑपरेशनने सुरकुत्या काढून घेतलेली बाई म्हणाली की डॉक्टर लॅनहम फार सज्जन आहेत. तिच्यासाठी व्हर्ना पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "चेहरा ताणून कानामागे बांधलाय बयेने, त्यात अक्कल सुटून पडली." त्याच्या पुढचा पाद्री होता, त्याने तिच्यासाठी प्रार्थना करीन म्हणून सांगितलं. त्याच्याबद्दल ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. घरामागून घर असंच. सह्या थोड्या, शिव्या भरपूर. एका दुपारी, ऊन नुसतं चटके देत असताना, एका घंटीने "आम्हाला वादात पडायचं नाही" एवढं म्हटलं तेव्हा ती त्या घराच्या पायरीवरच बसली, पाणी प्यायली, स्वतःशी काहीबाही बडबडली आणि उठून चालू लागली.

सह्या अखेर पुऱ्या झाल्या, त्यातल्या बहुतेक रोसाउराच्या. तिने बक हॅगर्टीचीसुद्धा सही आणली. सभेची तारीख लागली. लॅनहमच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. कारण सभेला निम्मी घरं हजर असल्याशिवाय कोरम होत नव्हता, आणि या वसाहतीत निम्मी घरं कधी कशालाच हजर राहिली नव्हती. सही द्यायला माणूस तयार होतो. संध्याकाळी बूट घालून क्लबहाउसात जायला होत नाही. कोरम नाही तर सभा रद्द, आणि वर्षभर तो विषय पुन्हा काढायचा नाही. लॅनहमनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण आवळायची खोड!

पाद्र्याच्या घंटीने टिपून ठेवलेलं व्हर्नाचं चित्रण त्यांच्या हाती लागलं. मग त्यांनी इतरांकडेही मागितलं. लोकांनी आपापल्या घंट्या तपासल्या आणि जे सापडलं ते डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टरांनी ते सगळं एकत्र जोडून घरोघरी धाडलं. वर लिहिलं होतं, ‘या बाईच्या हाती वसाहत द्यायची का, ते आपणच ठरवा.’

रोसाउरा फोन हातात धरून रस्ता ओलांडून आली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "झालं! संपलं सगळं! बकला ढेरपोट्या म्हणालात?"

"आहेच तो."

"परवाच मी त्याची सही आणली होती, मिस व्हर्ना!"

"मग ढेरपोट्याची सही आहे म्हण."

"तुम्हाला दार उघडं हवंय की भांडण हवंय? एकदा ठरवा काय ते," रोसाउरा म्हणाली आणि निघून गेली. व्हर्ना बराच वेळ कपाटाच्या कडीशी भांडत राहिली.

सभेच्या संध्याकाळी क्लबहाउसासमोर गाड्या लावायला जागा उरली नाही. ज्यांना शिव्या बसल्या होत्या ते सगळे आले, जोडीने आले. ज्यांना बसल्या नव्हत्या ते तमाशा बघायला आले. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. दरवाजातून व्हर्ना ओरिनची खुर्ची ढकलत आत शिरली तेव्हा कुणी वाट दिली नाही, ओरिनसाठी मात्र पाय मागे घेतले. लॅनहम खुशीत होते. मग असोसिएशनच्या मॅनेजरबाईने डोकी मोजली आणि वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं. कोरम झाला होता. वसाहतीच्या आयुष्यातला पहिला कोरम, आणि तो डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने गोळा केला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मागच्या भिंतीपर्यंत दिसला.

पण लोक आले होते ते व्हर्नाला सोलायला. बक हॅगर्टी उठला. "आता म्हण. सगळ्यांसमोर म्हण."

व्हर्ना उठली. "ढेरपोट्या."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं.

"पण तुझ्या पोटाचा मला राग नाही, बक," ती म्हणाली. "राग आहे तो तू दार उघडलं नाहीस याचा. ओरिनच्या डब्यातली किती बिअर प्यायलास तू? तो आजारी पडल्यावर एकदा आलास? आणि खडीचा रंग चुकला म्हणून या डॉक्टरने तुझं अख्खं अंगण उकरायला लावलं, तेव्हा गप्प का बसलास? माझ्यावर गुरगुरायला बरा जोर आला! तुम्ही सगळेच तसले. पत्र आलं की शेपूट घालता आणि शिव्या दिल्या की धावून येता. मला निवडून देऊ नका. मला नकोच तुमची कमिटी. माझ्या नवऱ्याला रस्ता बघायचाय, बस्स."

कुणी टाळी वाजवली नाही. पण खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. लोक एकमेकांना आपापली पत्रं सांगू लागले, डब्याचं, जाळीचं, नाताळच्या दिव्यांचं. सभा हातून निसटतेय हे लॅनहमनी हेरलं आणि राखून ठेवलेला चित्रणाचा शेवटचा तुकडा भिंतीवर लावला.

भिंतीवर एक पायरी दिसली. पायरीवर बसलेली व्हर्ना, घामाने निथळलेली, हातात पाण्याची बाटली. तिचा आवाज सभागृहात घुमला. "त्या दिवशीच मेला असता तर बरं झालं असतं. सुटला असता तोही आणि मीही. बहिणीकडे गेले असते, ओरेगॉनला, झाडाखाली बसले असते. या कुत्र्यांच्या दारात भीक मागत फिरायची वेळ आली नसती. मेला असता तर बरं झालं असतं, ओरिन."

चित्र थांबलं. व्हर्नाला ती दुपार आठवत होती, पाणी आठवत होतं, हे आठवत नव्हतं. आणि तरी हे आपणच बोललो याबद्दल तिला क्षणभरही शंका आली नाही.

"ही तुमच्या हक्कांची कैवारी," लॅनहम म्हणाले. "आता मतदान घेऊ."

तेवढ्यात ओरिनचा डावा हात वर झाला. त्याने व्हर्नाकडे बघितलं नाही. त्यालाही तीन मिनिटं होती, आणि ती नाकारता येत नव्हती. तो बोलू लागला. एकेक शब्द तोंडात गोळा करून, ढकलून बाहेर काढावा लागत होता.

"मी... ओरिन. पत्रात... फोटो आला. फोटोत... मी होतो. माझा... हात..."

तेवढ्यातच तीन मिनिटं संपली. लॅनहमनी सवयीने घंटी वाजवली. कदाचित त्यांना तसं वाजवायचंही नसेल, पण वाजली.

"त्याला बोलू द्या!" बक हॅगर्टी गरजला. त्याच्यामागून सगळी खोली उठली. ताणलेल्या चेहऱ्याची बाई उठली, पाद्री उठला. "बोलू द्या! ठेव ती घंटी खाली!"

गलका थांबेपर्यंत ओरिन थांबला. मग त्याने वाक्य पुरं केलं. "मी तुम्हाला... हात करत होतो."

मतदान चिठ्ठ्यांनी झालं. कमिटी गेली. तात्पुरत्या कमिटीत रोसाउरा आली आणि गॅरेजचा नियम त्याच बैठकीत रद्द झाला. व्हर्नाला मात्र कुणी शब्दाने विचारलं नाही. बक जाताना ओरिनच्या खांद्यावर हात ठेवून गेला आणि तिच्याजवळून असा गेला की जणू तिथे कुणी उभंच नव्हतं. रोसाउराने लांबूनच मान हलवली.

"बघितलंस तोंड त्या लॅनहमचं?" गाडीत व्हर्ना म्हणाली. "कशी जिरवली!" ओरिन खिडकीबाहेर बघत होता. दोन वळणं गेल्यावर ती म्हणाली, "मी ते बोलले ते उन्हात बोलले. डोकं फिरलं होतं. तुला कळतं ना?" तो गप्प राहिला की त्याला पटलंय असंच व्हर्नाने लग्न झाल्यापासून धरलं होतं, तसंच आजही धरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने रिमोटने गॅरेजचं दार वर केलं, ओरिनची खुर्ची तोंडाशी आणली, पंखा लावला. आणि लोक आले. इतक्या दिवसांत न आलेले आले. कुणी केक आणला, बकने बिअर आणली. ओरिनसमोर वाकून, मऊ आवाजात, ‘कसा आहेस रे’ म्हणत होते आणि तिरक्या डोळ्याने व्हर्नाकडे बघत होते. ओरिनने एकदाही हात वर केला नाही. तो मांडीवरच्या आपल्या बोटांकडे बघत बसला होता.

व्हर्नाला ते बघणं सहन झालं नाही. ती गाडीवाटेवर जाऊन उभी राहिली. "आता येताय काय केक घेऊन? इतके दिवस मेले होतात का सगळे? हे काय प्राणिसंग्रहालय आहे? निघा! निघा इथून!" लोक निघाले. जाताना बक म्हणाला, "आम्ही त्याच्यासाठी आलो होतो, व्हर्ना. त्याला आता कुणीतरी असायला हवं." तिने त्याच्या पाठीला जे ऐकवायचं ते ऐकवलं.

रस्ता मोकळा झाला तशी ती ओरिनकडे वळली. "बस आता निवांत. बघ हवा तेवढा रस्ता. आता कुणाच्या बापाची छाती नाही आपल्याला दार लावायला सांगायची."

ओरिनने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. सरळ, बराच वेळ. मग त्याच्या डाव्या हाताने खुर्चीच्या कडेला अडकवलेला रिमोट उचलला. दार घरघरत खाली येऊ लागलं. त्याचा चेहरा गेला, मग छाती, मग गुडघे, मग चाकं. दार जमिनीला टेकलं आणि व्हर्ना बाहेर राहिली.

"ओरिन! हात लागला तुझा बटणाला!"

आतून आवाज आला. "नाही."

त्या एका शब्दात जराही जडपणा नव्हता. ती उन्हाने तापलेल्या दाराजवळ उभी राहिली. घरात जायला पुढचा दरवाजा होता आणि तो उघडाच होता. पण आत जाऊन त्याला काय म्हणायचं, हे तिला सुचत नव्हतं.